पाहिले ते लिहिले : माल्कम मगरिज

प्रस्तावना

वर्तमानपत्रातील बातमी वाचताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. बातमी लिहिणारा त्या ठिकाणी गेला होता आणि त्याने ती घटना स्वतः पाहिली होती, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात नेहमी तसे असतेच असे नाही. कधी बातमीदार तेथे गेलेलाच नसतो. कधी तो गेलेला असतो, पण जे पाहायचे मनाशी ठरवून गेला, तेवढेच त्याला दिसते. कधी सारे काही दिसूनही ते लिहिण्याचे धैर्य त्याला होत नाही.

या पाठात आपण माल्कम मगरिज या इंग्रज पत्रकाराचा व उपहासकाराचा परिचय करून घेणार आहोत. तुमच्यापैकी अनेक जण महाराष्ट्राबाहेर राहून मराठीचा अभ्यास करीत असतील. मगरिज यांच्या आयुष्याची वाट केरळमधील आलुवा, कोलकाता आणि सिमला या गावांवरून गेलेली आहे, म्हणून हा परका माणूस तुम्हांला तितकासा परका वाटणार नाही. पाठ अभ्यासल्यानंतर मगरिज यांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना तुम्हांला सांगता येतील, उपहास व साधा विनोद यांतील फरक ओळखता येईल आणि एखाद्या बातमीकडे चिकित्सक दृष्टीने पाहता येईल, अशी अपेक्षा आहे.

मूळ पाठाकडे वळण्यापूर्वी 'उपहास' या शब्दाविषयी थोडेसे. विनोदाला हसू पुरेसे असते. उपहासातही हसू असते, पण त्या हसण्याला एक लक्ष्य असते. ढोंग, आंधळी भक्ती, सत्तेचा दिमाख अशा एखाद्या गोष्टीवर लेखकाने नेम धरलेला असतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'सुदाम्याचे पोहे' या लेखांतून मराठी समाजातील रूढींची थट्टा केली, ती याच रीतीने. अशा लेखकाला उपहासकार म्हणतात. उपहासकाराला मित्र कमी आणि वाचक पुष्कळ असतात, असे मगरिज यांच्या चरित्रावरून म्हणता येईल.

मूळ पाठ

माल्कम मगरिज यांचा जन्म २४ मार्च १९०३ रोजी लंडनच्या दक्षिणेस, सरे परगण्यात झाला. वडील हेन्री मगरिज हे समाजवादी विचारांचे कार्यकर्ते होते. क्रॉयडन येथे ते नगरसेवक होते आणि पुढे १९२९ ते १९३१ या काळात मजूर पक्षातर्फे पार्लमेंटचे सदस्य झाले. गरिबी नाहीशी होईल, सर्वांना सारखे मिळेल, असा नवा समाज लवकरच येणार आहे, या श्रद्धेच्या वातावरणात माल्कम वाढले. ही बाब लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा धक्का याच श्रद्धेला बसणार होता.

केंब्रिज विद्यापीठाच्या सेल्विन कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. पदवी मिळाली, पण विज्ञानात त्यांचे मन कधी रमले नाही. त्यानंतर ते भारतात आले. केरळमधील आलुवा येथे १९२१ मध्ये स्थापन झालेले युनियन ख्रिश्चन कॉलेज होते. तेथे त्यांनी १९२७ पर्यंत इंग्रजी साहित्य शिकवले. तो गांधीयुगाचा काळ होता. वायकोम येथे अस्पृश्यतेविरुद्ध सत्याग्रह चालू होता आणि त्या निमित्ताने १९२५ मध्ये गांधीजी त्रावणकोरात आले असता त्यांनी या महाविद्यालयालाही भेट दिली. युद्ध आणि शांतता या विषयावर मगरिज यांचा गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि त्यावरील त्यांचा लेख 'यंग इंडिया'त छापून आला. या इंग्रज लेखकाची लेखणी प्रथम चालू लागली ती आपल्या देशात, हे येथे नमूद करायला हवे.

१९२७ मध्ये त्यांचा विवाह कॅथरिन डॉब्ज यांच्याशी झाला. सर्व जण त्यांना किटी म्हणत. किटी या बिआट्रिस वेब यांच्या भाची होत्या. बिआट्रिस आणि त्यांचे पती सिडनी वेब हे इंग्लंडमधील समाजवादी विचारांचे मोठे नाव होते. म्हणजे ज्या श्रद्धेत मगरिज वाढले, त्याच श्रद्धेच्या घराण्याशी त्यांचे नाते जुळले. पुढे काही काळ ते इजिप्तमध्ये शिक्षक होते. तेथे त्यांची ओळख आर्थर रॅन्सम या लेखक-पत्रकाराशी झाली आणि त्यांच्या शिफारशीने १९३० मध्ये 'मँचेस्टर गार्डियन' या प्रतिष्ठित दैनिकात त्यांना नोकरी मिळाली. आज हेच दैनिक 'द गार्डियन' या नावाने निघते.

पाठगत प्रश्न १
(अ) मगरिज यांच्या बालपणीच्या घरातील वातावरण कोणत्या विचारांचे होते?
(आ) आलुवा येथील वास्तव्याचा त्यांच्या लेखनाशी काय संबंध आहे?

मॉस्कोतील हिवाळा

१९३२ च्या शरद ऋतूत 'मँचेस्टर गार्डियन'चे वार्ताहर म्हणून मगरिज मॉस्कोला गेले. नोकरीसाठी गेले असे म्हणण्यापेक्षा तीर्थयात्रेला गेले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. इंग्लंडमध्ये तेव्हा मंदी होती, लाखो कामगार बेकार होते. वडिलांनी ज्या समाजाचे स्वप्न पाहिले, तो रशियात प्रत्यक्षात आला आहे, असे मगरिज पतिपत्नींना मनापासून वाटत होते.

रशियातील परिस्थिती मात्र निराळी होती. १९२९ पासून शेतकऱ्यांच्या जमिनी, गुरे व अवजारे एकत्र करून सामुदायिक शेती सक्तीने सुरू करण्यात आली होती. विरोध करणाऱ्यांना 'कुलक' म्हणजे श्रीमंत शेतकरी ठरवून दूरच्या प्रदेशांत हद्दपार केले जाई. शहरांना पुरवण्यासाठी आणि परदेशी विकण्यासाठी सरकार गावोगावचे धान्य उचलत होते. धान्याची सक्तीची वसुली म्हणजे काय, हे आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांना 'लेव्ही' या शब्दावरून ठाऊक आहे. येथे मात्र वसुली अशी की पेरणीचे बीही घरात उरू दिले जात नसे. जानेवारी १९३३ मध्ये तर युक्रेन आणि कुबान या भागांतील शेतकऱ्यांनी अन्नाच्या शोधात आपला प्रदेश सोडून जाऊ नये, असा हुकूम निघाला. भारतातील काय किंवा आणखी कोठले काय, दुष्काळ म्हटला की न पडलेला पाऊस आपल्या डोळ्यांसमोर येतो. हा दुष्काळ माणसाने आणलेला होता.

मॉस्कोत राहणाऱ्या परदेशी वार्ताहरांच्या कानांवर या गोष्टी येत होत्या. तथापि प्रत्येक बातमी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. मंजुरी नाकारली गेली, तर बातमी जात नसे. सरकारची मर्जी खप्पा झाली, तर वार्ताहरालाच देश सोडावा लागे. त्यामुळे बहुतेकांनी कानाडोळा केला. मगरिज यांनी निराळा मार्ग धरला. १९३३ च्या आरंभी त्यांनी परवानगी न घेता आगगाडीचे तिकीट काढले आणि ते युक्रेन व उत्तर कॉकेशस या भागांत गेले. ओस पडलेल्या बाजारपेठा, गुरे नसलेले गोठे, सुजलेल्या अंगाची भुकेली माणसे आणि त्यांच्यावर पहारा करणारे धडधाकट सैनिक असे चित्र त्यांना दिसले. बर्फात गुडघे टेकून भाकरीचा तुकडा मागणारे शेतकरी आपण पाहिले, ही आठवण ते म्हातारपणीही सांगत असत.

मजकूर सेन्सॉरच्या हाती पडू नये म्हणून त्यांनी तो ब्रिटिश वकिलातीच्या टपालाच्या थैलीतून बाहेर पाठवला. २५, २७ व २८ मार्च १९३३ रोजी 'मँचेस्टर गार्डियन'ने तो तीन लेखांत छापला. मात्र लेखकाचे नाव छापले नाही आणि मजकुराला कात्री लावली. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दैनिकाचा वाचक उदारमतवादी व डावीकडे झुकलेला होता. जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता आणि त्याला तोंड देऊ शकेल अशी शक्ती म्हणून अनेक सज्जन माणसे रशियाकडे आशेने पाहत होती. अशा वेळी रशियाविरुद्ध बोलणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, अशी भीती त्यांना वाटे. ही भीती खोटी नव्हती. परंतु तिच्यापायी भुकेने मरणाऱ्यांची बातमी आतल्या पानावर गेली.

याच महिन्यातील आणखी एक घटना पाहा. २ मार्च १९३३ रोजी याच दैनिकात एक पत्र प्रसिद्ध झाले होते. रशियातील उपासमारीच्या वार्ता म्हणजे बदनामी आहे, अशा आशयाच्या त्या पत्राखाली वीसेक नामवंतांच्या सह्या होत्या आणि त्यांत जॉर्ज बर्नार्ड शॉ यांची सही होती. शॉ हे त्या काळातील इंग्रजी भाषेतील सर्वांत तीक्ष्ण उपहासकार. कोणाचेही ढोंग त्यांच्या नजरेतून सुटत नसे. १९३१ मध्ये ते रशियाला जाऊन आले होते. त्यांना जे दाखवले गेले, ते त्यांनी पाहिले व त्यावर विश्वास ठेवला. बुद्धी तीक्ष्ण असली म्हणजे माणूस फसत नाही, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

मगरिज यांच्या लेखांपाठोपाठ गॅरेथ जोन्स नावाच्या वेल्श तरुणानेही आपल्या नावानिशी या दुष्काळाचे वर्णन प्रसिद्ध केले. तोही खेड्यापाड्यांतून पायी हिंडून आला होता. त्याला उत्तर दिले 'न्यूयॉर्क टाइम्स'चे मॉस्कोतील वार्ताहर वॉल्टर ड्युरांटी यांनी. लोक उपाशी आहेत, पण उपासमारीने मरत नाहीत, असा शब्दांचा खेळ त्यांनी ३१ मार्चच्या अंकात केला. ड्युरांटी यांना आदल्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालेले होते, त्यामुळे जगाने विश्वास ठेवला तो त्यांच्यावर. या वादात मगरिज जोन्सच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले नाहीत. त्यांच्या चरित्रातील ही उणीव झाकण्याचे कारण नाही. जोन्सचा १९३५ मध्ये मांचुरियाच्या परिसरात खून झाला. तेव्हा तो तिशीचाही नव्हता.

या दुष्काळात एकट्या युक्रेनमध्ये किमान ३५ लाख माणसे मरण पावली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. १९३३ मध्ये मात्र मगरिज यांच्या लेखांचा परिणाम एवढाच झाला की त्यांचे स्वतःचे स्थान डळमळीत झाले. 'गार्डियन'शी असलेला त्यांचा संबंध तुटला. आप्तेष्ट दुरावले. किटींच्या मावशीने आणि तिच्या पतीने १९३५ मध्ये रशियाविषयी एक भला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. 'सोव्हिएट साम्यवाद : एक नवी संस्कृती?' असे त्याचे शीर्षक होते. १९३७ च्या आवृत्तीत त्यांनी शीर्षकातील प्रश्नचिन्ह काढून टाकले! उपहासकाराने कल्पनेने रचावी, अशी ही गोष्ट आहे. पण ती खरी आहे.

मगरिज यांनी आपला अनुभव १९३४ मध्ये 'विंटर इन मॉस्को' या कादंबरीत मांडला. बातमीतून जे सांगता आले नाही, ते त्यांनी उपहासातून सांगितले. नमुनेदार कारखाने पाहून भारावून जाणारे परदेशी पाहुणे, सरकारी मेजवानी झोडून बातमी लिहिणारे वार्ताहर यांची त्यांनी अशी काही रेवडी उडवली की ओळखणाऱ्यांनी माणसे ओळखली. त्याच वर्षी 'पिक्चर पॅलेस' या दुसऱ्या कादंबरीत त्यांनी 'गार्डियन'वरच शस्त्र धरले. दैनिकाने बदनामीच्या दाव्याचा धाक घातल्यावर प्रकाशकाने ती मागे घेतली आणि ती पुन्हा बाजारात यायला १९८७ साल उजाडले.

पाठगत प्रश्न २
(अ) मगरिज यांनी आपला मजकूर रशियाबाहेर कसा पाठवला?
(आ) 'मँचेस्टर गार्डियन'ने लेखांना कात्री का लावली असावी? तुमच्या शब्दांत लिहा.
(इ) 'उपाशी असणे' आणि 'उपासमारीने मरणे' या शब्दप्रयोगांच्या आधारे ड्युरांटी यांनी काय साधले?

कोलकाता ते लंडन

नोकरीच्या शोधात मगरिज पुन्हा भारतात आले. कोलकात्याच्या 'स्टेट्समन'मध्ये १९३४-३५ या काळात ते सहायक संपादक होते. इंग्रजांच्या क्लबांपेक्षा बंगाली मित्रांच्या बैठकीत ते अधिक रमत. कवी सुधींद्रनाथ दत्त आणि कलासमीक्षक शाहिद सुऱ्हावर्दी हे त्यांपैकी होत. १९३५ च्या उन्हाळ्यात सिमला येथे चित्रकार अमृता शेरगिल यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह जुळला आणि अमृता यांनी त्यांचे व्यक्तिचित्र रंगवले. त्यानंतर ते लंडनला परतले.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होते. तो सर्व काळ येथे सांगण्याची गरज नाही; एक प्रसंग तेवढा सांगतो. विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांनी १९४१ मध्ये जर्मनांच्या कैदेतून सुटल्यावर बर्लिन रेडिओवरून काही हलकीफुलकी भाषणे केली होती आणि त्यामुळे इंग्लंडमध्ये त्यांना देशद्रोही म्हटले जात होते. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर वुडहाउस यांच्याकडे लक्ष देण्याचे काम मगरिज यांच्याकडे आले. हा माणूस भोळा आहे, द्रोही नाही, असे त्यांचे मत झाले आणि लोकक्षोभाची पर्वा न करता त्यांनी ते अखेरपर्यंत मांडले.

१९५३ मध्ये मगरिज 'पंच' या साप्ताहिकाचे संपादक झाले. १८४१ मध्ये निघालेल्या या विनोदी पत्राची कीर्ती आपल्याकडेही पोहोचलेली होती. मुंबईचे 'हिंदी पंच', लखनौचे 'अवध पंच' आणि ठाण्याचे 'हिंदू पंच' ही नावे त्याचीच साक्ष देतात. मगरिज आले तेव्हा मात्र 'पंच' म्हातारे झाले होते. ते कोणाला बोचत नसे. मगरिज यांनी त्याला पुन्हा दात बसवले. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी इलिंगवर्थ यांचे पंतप्रधान चर्चिल यांच्यावरील व्यंगचित्र छापले. त्यात चर्चिल थकलेले, चेहरा ओघळलेला असे दाखवले होते. चर्चिल तेव्हा ७९ वर्षांचे होते आणि आदल्या वर्षी त्यांना आलेला पक्षाघाताचा झटका जनतेपासून लपवून ठेवण्यात आला होता. एका आजारी वृद्धाची थट्टा केली म्हणून वाचक संतापले. तुम्हांला काय वाटते? माणसाच्या वार्धक्यावर हसणे निष्ठुरपणाचे आहे, हे खरे. पण देशाचा कारभार चालवण्याची शक्ती पंतप्रधानात उरली आहे की नाही, हे जाणून घेण्याचा हक्क लोकांना असतो, हेही तितकेच खरे. १९५७ मध्ये त्यांनी 'पंच' सोडले.

त्याच वर्षी एका अमेरिकी साप्ताहिकात त्यांचा इंग्लंडच्या राणीविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. राजघराण्याच्या घरगुती गोष्टींची वर्तमानपत्रे कौटुंबिक मालिकेसारखी रोज चर्चा करतात आणि जनता त्यांची पूजा करते, हा त्यातील मुद्दा त्यांनी १९५५ मध्येही मांडला होता. परंतु या वेळी लेख छापून यायला आणि राणी एलिझाबेथ अमेरिकेच्या दौऱ्यावर जायला एकच गाठ पडली. इंग्रजी वृत्तपत्रांनी मागचा-पुढचा संदर्भ तोडून वाक्ये छापली. बीबीसीने काही काळ त्यांना कार्यक्रमांतून दूर ठेवले, एका वृत्तपत्रसमूहाने करार रद्द केला.

काळ पुढे सरकला तसे तेच मगरिज दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय मुलाखतकार झाले. या काळातील त्यांचे वागणे मात्र निर्मळ नव्हते. बीबीसीत काम करणाऱ्या स्त्रियांशी ते अनुचित लगट करीत, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बीबीसीच्या इतिहासात नोंदलेले आहे. इतरांच्या ढोंगावर बोट ठेवणाऱ्या लेखकाच्या चरित्रात ही नोंद गाळणे योग्य झाले नसते.

कालीघाटचा प्रकाश

साठीच्या उंबरठ्यानंतर मगरिज यांचे मन धर्माकडे वळले. १९६९ मध्ये ते बीबीसीच्या चमूसह कोलकात्याला आले आणि मदर तेरेसा यांच्या कार्यावर त्यांनी 'समथिंग ब्यूटिफुल फॉर गॉड' हा माहितीपट केला. याच नावाचे त्यांचे पुस्तक १९७१ मध्ये निघाले. तोवर भारताबाहेर फारशा परिचित नसलेल्या मदर तेरेसा यांचे नाव जगभर झाले, त्यात या दोन कृतींचा वाटा मोठा आहे. १९७९ मध्ये त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

चित्रीकरणाच्या वेळी एक गोष्ट घडली. कालीघाटच्या मंदिरालगत 'निर्मल हृदय' हे मरणोन्मुख निराधारांसाठीचे घर आहे. आतील प्रकाश इतका मंद की चित्र उमटणार नाही, असे छायाचित्रकार केन मॅकमिलन यांना वाटत होते. तरी त्यांनी नव्याने मिळालेली कोडॅक फिल्म वापरून पाहिली. लंडनला फिल्म धुतली, तेव्हा तो भाग मृदू प्रकाशाने उजळलेला निघाला. मगरिज यांच्या मते हा चमत्कार होता. तेथील प्रेमच प्रकाशरूपाने प्रकट झाले, असे त्यांनी लिहिले. त्याच फिल्मचा उपयोग पुढे मध्यपूर्वेत अंधुक जागी केला असता चित्र उमटले नाही, हा त्यांनी दिलेला पुरावा. मॅकमिलन यांचे म्हणणे वेगळे होते. श्रेय कोडॅकच्या नव्या फिल्मला आहे, असे ते सांगत, आणि त्यांचे हे कथन क्रिस्टोफर हिचन्स यांनी १९९५ मध्ये मदर तेरेसा यांच्यावरील टीकात्मक पुस्तकात छापले.

युक्रेनला जाताना मगरिज यांची श्रद्धा एक सांगत होती आणि डोळे दुसरेच दाखवत होते. त्यांनी डोळ्यांचे ऐकले. कालीघाटला श्रद्धा आणि डोळे एकच सांगू लागले, तेव्हा त्यांनी अधिक चौकशी केली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तुमचे मत निराळे असू शकेल.

नोव्हेंबर १९७९ मध्ये 'लाइफ ऑफ ब्रायन' या चित्रपटावर दूरचित्रवाणीवर वाद झाला. येशूच्याच काळात जन्मलेल्या आणि लोकांनी चुकून प्रेषित मानलेल्या एका सामान्य माणसाची ती उपहासकथा. चित्रपटाचे कर्ते जॉन क्लीझ आणि मायकेल पॅलिन एका बाजूला, मगरिज व एक बिशप दुसऱ्या बाजूला. ही येशूची विटंबना आहे, असे मगरिज यांनी ठासून सांगितले. येशू आणि ब्रायन या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, हे चित्रपटाच्या सुरुवातीलाच दाखवले आहे. आणि नंतर असे उघड झाले की मगरिज खेळाला उशिरा पोहोचले होते व पहिली सुमारे पंधरा मिनिटे त्यांनी पाहिलीच नव्हती.

१९८२ मध्ये मगरिज पतिपत्नींनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. १४ नोव्हेंबर १९९० रोजी माल्कम मगरिज यांचे निधन झाले. २००८ मध्ये युक्रेनने त्यांचा आणि गॅरेथ जोन्सचा मरणोत्तर सन्मान केला. ड्युरांटी यांचे पारितोषिक परत घ्यावे, अशी मागणी झाली होती. २००३ मध्ये पुलित्झर मंडळाने ती अमान्य केली.

स्वाध्याय

१. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : कानाडोळा करणे, हाती कोलीत देणे, रेवडी उडवणे, बोट ठेवणे.

२. वेब पतिपत्नींनी शीर्षकातील प्रश्नचिन्ह काढून टाकल्याचा उल्लेख पाठात आहे. एका विरामचिन्हाने अर्थात काय फरक पडला, ते पाच-सहा ओळींत लिहा.

३. चर्चिल यांच्यावरील व्यंगचित्र छापणे योग्य होते काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.

४. उपक्रम : तुमच्या गावात किंवा वस्तीत नुकत्याच घडलेल्या एखाद्या घटनेची वर्तमानपत्रातील बातमी मिळवा. ती घटना प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन व्यक्तींना भेटा. त्यांचे सांगणे लिहून घ्या आणि बातमीत काय आले, काय आले नाही, याची तुलना करा.